सदर बझार, पडीक बांधकाम

दक्षिणेची भिंत उभी आहे, कमानीपर्यंत.
पूर्वेची कंबरेइतकी.
पश्चिमेला नुसत्या तीन पायऱ्या,
वर काहीच नाही,
तिसरीवर कुणाचंतरी करडू झोपलेलं.
उत्तरेला मोकळं. तिथे मी स्कूटर लावली.

नगरपालिकेचा फॉर्म चार पानी.
बांधकामाचा प्रकार: काळा दगड, चुना.
छत: नाही.
मालक: इथे माझ्या आधीच्या ओव्हरसियरने
पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलेलं.
मी ते पेनाने गिरवलं.

फितीचं दुसरं टोक धरायला माणूस नव्हता.
समोरच्या चाळीतून सलोमीबाई उजगरे आल्या,
हाताला कणीक तशीच.
द्या इकडे, म्हणाल्या,
मागच्या साहेबांचंही मीच धरलं होतं.

त्या पायऱ्यांपासून चालू लागल्या
आणि फीत वाकडी झाली.
बाई, सरळ जा, मोकळंच तर आहे.
त्या थांबल्या. आधी गवताकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
घरात चपला घालून शिरलेल्या पाव्हण्याकडे बघावं तसं.
"अहो, मधे बाकं आहेत."

घाणेरीच्या झुडपाला वळसा घालून,
जिथे झुडूप नव्हतं तिथेही वळसा घालून,
पदर सावरत, कुणाच्या तरी गुडघ्यांना धक्का न लावता
त्या पुढे गेल्या.
हे सातवं आमचं. आईच्या बाजूला मी, भिंतीकडे गारठा.
आठव्यावर थोमाशिंपी. त्याला दमा.
पाळकसाहेब त्याची ढास संपेपर्यंत
आमेन तोंडात धरून उभे राहायचे.

पूर्वेच्या भिंतीवर कोळशाने तीन स्टंप काढलेत.
पोरं तिथेच खेळतात.
दक्षिणेच्या खिडकीतून चेंडू गेला की आऊट,
कारण पलीकडे नाला आहे
आणि नाल्यात उतरायचं कुणी, हे कधीच ठरत नाही.
त्याच खिडकीत, काच नसलेल्या त्या टोकदार चौकटीत
अजिंक्यतारा बसवल्यासारखा बसतो,
टॉवरसकट.

कमानीवर अक्षरं होती.
आता एकच उरलंय: या.
मागचं पुढचं दगडासकट गेलं.
चाळीत दोन मतं आहेत.
कुणी म्हणतं "या" म्हणजे बोलावणं,
कुणी म्हणतं, छे, "या मंदिराचा पाया अमुक साली"
असली सरकारी ओळ होती ती.
तुम्हाला काय आठवतं, मी विचारलं.
मला वाचता येईपर्यंत
वर पारव्यांनी घरटं केलं होतं, बाई म्हणाल्या.

घंटा?
ती शाळेला दिली. तिथून कुठे गेली, शाळेला विचारा.
लाकूड?
एका पावसाळ्यात जळण झालं. आमचंच. खोटं कशाला बोलू.
सागाचं होतं, धूर झाला नाही.

मी पुन्हा मोजलं, या वेळी फीत ताणून,
टोकाला दगड ठेवून, कुणाला न विचारता.
एकेचाळीस फूट.
बाईंच्या चालीने छप्पन्न भरली होती लांबी.
रकाना एकच.

मागून ओरडा झाला: आऊट!
चेंडू किल्ल्याच्या पोटातून पलीकडे गेला.
एक पोरगा, लाल बनियनवाला,
मैदान चिरत सरळ धावला,
सातव्या बाकावरून, आठव्यावरून,
शिंप्याच्या मांडीवरून.
बाई काही बोलल्या नाहीत.
उलट जरा बाजूला सरकल्या,
बसलेल्या जागी सरकून घेतात तशा.

फॉर्मवर मी एकेचाळीस लिहिलं.
शेरा: भिंत धोकादायक नाही.
हे मला नक्की ठाऊक नव्हतं.

पुढच्या आठवड्यात माचीवर गटार मोजताना
फीत उलगडली
तर एकेचाळीसच्या अलीकडून, पलीकडूनही
पांढरा चुना सांडत राहिला बुटांवर.
हाताखालचा पोरगा म्हणाला, साहेब, सरळ धरू ना?
धर, म्हटलं.
आणि मीच दोन पावलं
कशाला तरी वळसा घालून गेलो.